गोदाआत्या हॉस्टेल बघायला जाते

कोंबडा न्यायचा की नाही यावरून तळेकोंडात आदल्या दिवशी जे रामायण झालं, त्यात आता पुन्हा शिरण्यात अर्थ नाही. कोंबडा आला. संगमेश्वरापासून रत्नागिरीपर्यंत एस.टी.च्या बाकाखाली, गोदाच्या दोन पायांच्या मधोमध, नायलॉनच्या पिशवीतून मुंडकं बाहेर काढून आला. निवळीच्या घाटात तो आरवला तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट कोण काढणार?" त्यावर गोदाच्या थोरल्या भावाने, काशीरामाने, त्याच्याकडे असं काही बघितलं की तो बिचारा पुढच्या बाकाकडे वळला.

निघाली होती चौघं. काशीराम आणि गोदा ही बहीणभावंडं. त्यांच्या धाकट्या भावाची, बाबूची मुलगी राही, जिला कॉलेजच्या हॉस्टेलात सोडायचं होतं ती. आणि ज्याच्या डोक्यातून ही सगळी भानगड निघाली तो राहीचा मामा लवू. लवू पोफळीला पॉवरहाऊसात कामाला. कॉलनीत राहणारा, पायात बूट घालणारा माणूस. बाबू मुंबईत, गिरणी बंद पडल्यापासून कुठल्याशा गोदामावर राखण करीत होता आणि त्याचा निरोप नेहमीचाच होता, दादा म्हणेल तसं. राहीची आई हौसा लावणीच्या चिखलात उभी. तिला कोण विचारतो?

आणि दादा काय म्हणाला होता, तर, "मी बाप्या माणूस. पोरींच्या राहण्याखाण्यातलं मला काय कळतंय? गोदा बगंल. गोदा व्हय म्हणाली तर पोर राहील. गोदा नको म्हणाली तर साडेचारच्या गाडीनं चौघं परत."

हे ऐकलं आणि लवूमामाचा चेहरा पडला. कारण गोदा काय म्हणणार हे घरातल्या मांजराला सुद्धा माहीत होतं. नवऱ्याने मुंबईत दुसरी केली तशी गोदा माहेरी परत आली, त्याच साली राही जन्मली. हौसा शेतात आणि पोर गोदाच्या काखेत. राही चालली ती गोदाचं बोट धरून, झोपली ती गोदाच्या गोधडीत, अजूनही तिथेच झोपत होती. ही पोर गेली तर घरात आपलं म्हणायला काय उरतं? गोदा "नको" कनवटीला बांधूनच निघाली होती. फक्त ते सोडायला एखादं कारण सापडायचा अवकाश होता, आणि कारणं काय, जिथे बघावं तिथे सापडतात.

हॉस्टेल जांभ्या चिऱ्याचं, दुमजली. पावसाने उघडीप दिली होती आणि भिंती ओल्या लाल झाल्या होत्या. पायऱ्यांवर रेक्टरबाई उभ्या होत्या. विमलाबाई, मूळच्या मालगुंडच्या, चष्मा, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, आवाज मास्तरणीचा.

"पुरुषांनी इथे बाकावर बसायचं. आत फक्त बायका."

"मी पोरीचा चुलता," काशीराम म्हणाला.

"असाल. चुलते, मामा, वडील, सगळे इथेच बसतात."

गोदा बघतच राहिली. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, गावकीच्या बैठकीत, लग्नाच्या बोलणीत, जन्मभर ती बाहेर थांबली होती आणि हा आत गेला होता. आज कुणीतरी काशीरामाला दाराशी अडवलं होतं, आणि तो मुकाट बाकावर बसला होता, मांडीवर कोंबड्याची पिशवी घेऊन. गोदाला हसूही आलं आणि भीतीही वाटली. देवा, हे असं पण असतंय?

"जा गो," काशीराम कानाशी पुटपुटला. "नीट बग. काय एक सोडू नको."

जिना चढताना गोदाने वहाणा काढून हातात घेतल्या. राही म्हणाली, "आत्ये, घाल गो. इथे चालतं."

"येवड्या लखलखीत लादीवर? तुजी लाज जाईल म्हणतील, आत्या शेणातली."

"आपण शेणातल्याच ना?"

"म्हणून काय लादीला सांगायचं?"

खोली माडीवर, शेवटून दुसरी. दोन लोखंडी खाटा, दोन टेबलं, भिंतीत दोन कपाटं. राहीने रेक्टरबाईंनी दिलेली चावी लावली, कुलूप उघडलं आणि चावी आपल्या पर्समध्ये टाकली. गोदाची नजर त्या चावीवर. तळेकोंडच्या घरात चावी म्हणजे एकच, पेटाऱ्याची, आणि ती काशीरामाच्या करगोट्याला. अंघोळीला सुद्धा तो ती सोडत नसे.

"ही कुणाची?"

"माझी. एक माझी, एक रझियाची, खोलीतल्या दुसऱ्या मुलीची."

"म्हणजे तू आतून कडी लावलीस तर कोण उगडू शकत नाय?"

"मी उघडलं तरच."

गोदा खाटेवर टेकली. कारण शोधायला आली होती, ते काम आठवून ती पुन्हा उठली. खिडकीचे गज हलवून बघितले. हलले नाहीत. गादी उलटी केली, ढेकूण नव्हते. मोरीत गेली आणि नळ सोडला तर भळाभळा पाणी.

"अगो बये! पाणी माडीवर चढवलं कुणी?"

"वर टाकी आहे, आत्ये. पंपाने चढतं."

"आणि विहिरीवर कोण जातंय?"

"कुणीच नाही."

गोदाने नळ बंद केला. पुन्हा सोडला. धारेखाली हात धरून उभी राहिली. आपल्या डोक्यावरून आजवर किती पाणी वाहिलं असेल, या विचाराने तिची मानच भरून आली. पोर हाक मारायला लागली तेव्हा कुठे तिने नळ बंद केला.

तेवढ्यात दारात दुसरी मायलेक आली. मुलगी रझिया, राहीच्याच वर्गातली, आणि तिची आई जन्नत. जयगडच्या बाजूच्या बंदरावरची माणसं, नवरा कुवेतला. जन्नतच्या हातात लोणच्याची बरणी आणि सुक्या माशांची अशी पुडी, की तिचा वास तिच्या आधी खोलीत आला.

"सलाम गो बाय," जन्नत म्हणाली. "तुजी कोन ही?"

"भावाची. पण माजीच."

"ही माजी. चार भावांच्या पाटची एकटी." जन्नतने बरणी टेबलावर ठेवली आणि गोदाकडे निरखून बघितलं. "ठेवतीस का न्हेतीस?"

इतकं रोखठोक कुणी विचारेल असं गोदाला वाटलं नव्हतं. "बगतंय अजून," ती म्हणाली.

मुली दोघींना व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेल्या. वाटेत एक मोठी खोली लागली. आत दहाबारा पोरी पुस्तकं उघडून बसलेल्या, भर दुपारी, आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. भाकरी टाक गो नाही, गुरं आण गो नाही, पाव्हण्यांना पाणी दे गो नाही. एक पोरगी तर नुसतीच खिडकीबाहेर बघत बसली होती आणि तिलाही कुणी काही म्हणत नव्हतं. गोदा दाराशी थबकली. पाय पुढे टाकायचा झाला तर कुणाची तरी परवानगी घ्यावी असं तिला वाटलं, देवळात वाटतं तसंच.

टोकाच्या खिडकीतून राहीने बोट दाखवलं. गोदाला आधी ढगच वाटले, खाली उतरलेले. मग त्यातून एक होडी सरकताना दिसली.

"ता काय?"

"दर्या, आत्ये."

कोकणात जन्मून पन्नाशीला टेकली, पण गोदाने समुद्र बघितला नव्हता. डोंगराच्या कुशीतल्या बाईला कशाला दर्या दिसतोय! ती म्हणाली, "येवडं सगळं पाणी? आणि ह्याला बांध नाय?"

जन्नत खळखळून हसली. "बांद कोन घालनार बाय? माजा नवरा त्याच्याच पल्याड हाय."

गोदाने नकळत हात जोडले.

एवढ्यात खालून एकच गलका उठला. झालं होतं असं, की काशीरामाला तंबाखूची तलफ आली आणि त्याने पिशवी लवूच्या हवाली केली. लवूने ती धरली दोन बोटांनी, बुटांपासून लांब. कोंबड्याने एक हिसका दिला आणि स्वारी सुटली ती थेट आत, जिथे चुलत्यामामांना बंदी, तिथे. जिन्याने वर, व्हरांड्यातून सरळ. पोरी किंचाळल्या, कुणी खाटेवर चढली, कुणी वाचायच्या खोलीचं दार लावलं. आणि राही! ओढणी कमरेला खोचून राही धावत सुटली. "दार लावा तिकडचं! रझिया, तू जिना धर! अगं, शेपटीला नको, पंखांना धर, पंखांना!"

ज्यांची नावं सकाळपर्यंत माहीत नव्हती त्या पोरी राहीचा हुकूम ऐकत होत्या. शेवटी राहीने न्हाणीघराच्या कोपऱ्यात झेप टाकली आणि कोंबडा बगलेत मारून बाहेर आली, केस विस्कटलेले, कोपर सोललेलं. सगळ्या टाळ्या पिटत होत्या आणि ती हसत होती. पोट धरून, भिंतीला टेकून, दात दाखवून हसत होती. घरात काशीराम असताना पोरीबाळी असं हसत नसत. ही पोर असं हसते हे, जिने तिचा शेंबूड पुसून तिला वाढवलं त्या गोदाला आज कळलं.

विमलाबाई मात्र संतापल्या. "हा काय प्रकार? कोंबडा? हॉस्टेलात?"

"ह्या जागेच्या राखणदाराला मान द्यायला आणलाय," राही खाली मान घालून म्हणाली.

"जेवणाची घंटा होईल आता. जेवा आधी. मग बघते मी तुमच्या घरच्यांकडे."

जेवण खालच्या मोठ्या खोलीत, पुरुष मंडळींचं ताट बाहेर बाकावरच. लांबलचक बाकडी, समोर टेबलं, आणि सगळ्या पोरी बसलेल्या. गोदा सवयीने सरळ चुलीच्या दिशेने निघाली, पदर खोचून. आचारी गंगाराम आडवा आला.

"कुठं मावशी?"

"वाढायला घेतंय. कुटं हाय परात?"

"बसा तुम्ही. वाढायला मी हाय."

"तू वाढणार? बाप्या?"

"मंग कोण? बसा, भात निवतोय."

गोदा बसली. बाकड्याच्या अगदी कडेला, अर्धी हवेत. गंगारामने तिच्या ताटात भात वाढला, आमटी घातली, बटाट्याची भाजी घातली, आणि पुढच्या पोरीकडे गेला. कुणीही आधी जेवलेलं नव्हतं. खरकटं कुठेच नव्हतं. कुणाचं काय उरलंय ते बघून घ्यायचं नव्हतं. गोदाने घास उचलला आणि तो तोंडाशी नेता येईना.

"जेव गो," शेजारून जन्नत म्हणाली. "मागल्या आटवड्यात पोरीला सोडाया आले तवा मी पन अशीच बसलेली. भाताकडं बगत."

"गरम हाय," गोदा म्हणाली.

"व्हय. गरमच वाढतात."

"बाय, जल्मात मला कुणी गरम वाढलं नाय."

"मला बाळतपनात पन नाय," जन्नत म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि मग दोघीही जेवल्या. गोदाने भात दुसऱ्यांदा मागितला. मागितला! आणि गंगारामने काही न बोलता वाढला.

समोरच्या बाकावर राही जेवत होती. रझियाच्या ताटातलं लोणचं आपल्या भातावर घेत, काहीतरी सांगत, मधेच हसत. तिने एकदाही गोदाकडे बघितलं नाही. रुसून नव्हे, विसरून. गोदाच्या काळजात कळ आली. पण त्या कळेच्या तळाशी तिला काही वेगळंच लागलं. ही पोर आज रात्री माझ्याशिवाय झोपेल आणि तिला झोप लागेल. मला नाही लागणार, ते माझं मी बघीन.

जेवून बाहेर येतात तर पायऱ्यांवर जुंपलेली.

"इथं पशुहत्या होणार नाही," विमलाबाई सांगत होत्या. "नियम म्हणजे नियम."

"मान दिल्याबिगर पोर ह्या जाग्यात झोपणार नाय," काशीराम म्हणाला. तो चढ्या आवाजात बोलत नव्हता. तसं बोलायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. "परका जागा, परकी शीव. उद्या काय वाकडं झालं तर तुमचा नियम येणार हाय मदे?"

"काशीरामदादा, ऐका जरा," लवू म्हणाला. "पोफळीला आमच्या कॉलनीत एवढी माणसं राहतात, कोण कोंबडं कापतोय? ही सगळी अंधश्रद्धा—"

"तू गप. तुला साधी पिशवी धरता आली नाय."

विमलाबाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा," त्या जरा नरमाईने म्हणाल्या, "मीही मालगुंडची आहे. राखणदार म्हणजे काय हे मला ठाऊक नाही असं नाही. फाटकाबाहेर तो वड आहे, त्याच्याखाली नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, माझी ना नाही. पण कोंबडा कापायचा नाही. आणि मुलीला ठेवायचं की न्यायचं ते आत्ताच सांगा. माझ्याकडे जागा थोड्या आहेत."

काशीराम वळला. "गोदा, बगितलंस?"

"बगितलं."

"मंग सांग."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. राही जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक. आत्या काय म्हणणार हे तिलाही माहीत होतं. गेले आठ दिवस ती त्याच भीतीने अन्नाला शिवत नव्हती. पण एका शब्दाने तिने आत्याची मनधरणी केली नव्हती. का केली नव्हती ते गोदाला आत्ता कळलं. पोरीला आत्याला नाही म्हणायला लावून दुखवायचं नव्हतं.

गोदाने कारण शोधलं. खरंच शोधलं, अगदी शेवटपर्यंत. माणसं राहतात त्याच छपराखाली संडास, विटाळच तो, ते एक होतं. तेवढ्याने भागलं असतं. काशीरामाला तेवढं पुरलं असतं.

"राहू दे तिला," गोदा म्हणाली.

"काय?"

"राहू दे म्हणतंय. जागा चांगला हाय."

बहिणीचं "नको" गृहीत धरून काशीराम आला होता. आता त्याच्याच तोंडचा शब्द त्याच्या आड आला. पण शब्द देऊन फिरवणारा माणूस नव्हता तो, एवढं मान्य करायलाच हवं.

"बरं," तो म्हणाला. "चला वडाखाली."

वडाखाली त्याने नारळ ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली, हात जोडले. मागे लवू, गोदा आणि राही. थोडी बाजूला जन्नत आणि रझिया, पदर सावरून. वरच्या व्हरांड्यात पोरी वाकून बघत होत्या. काशीरामाचं गाऱ्हाणं म्हणजे पंचक्रोशीत नाव होतं. आवाज लागला की झाडावरचे कावळे गप्प होत.

"बा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! तुजा नाव आमाला ठावं नाय, तुजी शीव आमाला ठावी नाय. जो कोण असशील तो, हितं हजर हो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला, अंधश्रद्धा वगैरे सगळं विसरून.

"आज आमी आमची लेक तुज्या हद्दीत आणलीय. तिच्यावर कुणाची वाकडी नजर पडू देऊ नको. दुखण्याखुपण्याला, रातीअंधाराला तिच्या पाठीशी उभा ऱ्हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुजा मान म्हणून हा कोंबडा आणला व्हता. हितं देता येत नाय. तो तुज्या नावानं घरी राखून ठेवतो. पोर शिकून सवरून, जशी आणली तशी, आमच्या घरात परत—"

"दादा, थांब."

गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं. बाप्याने सुद्धा नाही, मग बाईने तर... काशीरामाने जोडलेले हात तसेच ठेवून मान वळवली. "खुळी झालीस काय गो?"

"परत आण असं म्हणू नको."

"मंग काय म्हणू? टाकून जातोय म्हणू?"

"आपण परत आण म्हणालो," गोदा म्हणाली, "आणि त्यानं ऐकलं तर?"

तिने राहीकडे बघितलं.

"जशी आणली तशी परत आणली, म्हणजे काय रे दादा? तीच चूल, तीच विहीर, सगळ्यांचं जेवून झाल्यावरचं ताट. आणि मी. मला पायजे हाय ती, सगळ्यात जास्त मलाच पायजे हाय. म्हणून तर सांगतंय, तू म्हणू नको. तुजं गाऱ्हाणं देव ऐकतो."

काशीराम तिच्याकडे बघत राहिला. या बहिणीने नवऱ्याने टाकल्यावर सुद्धा त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याने मान वळवली, वडाकडे. घसा खाकरला. पुन्हा सुरुवात केली तेव्हा तो गाजलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता, साधं माणूस बोलतं तसं बोलत होता.

"म्हाराजा, पोर शिकून शाणी झाली की कोंबडा पोच करीन. तिची वाट जिकडं जाईल तिकडं तिला सोबत कर. आमच्याकडं आली तर आमचं नशीब. नाय आली..." तो थांबला. "नाय आली तरी ती जितं असंल तितं सुखात ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला. वरून पोरींचा आवाज आला, एकीचा, मग सगळ्यांचा. राही तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडत होती.

गोदा मात्र गप्प. घरच्या माणसाचा होकार पडल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, हे लहानपणापासून तिला माहीत होतं. काशीरामालाही माहीत होतं. तो हात जोडून तसाच उभा राहिला, घाई न करता, तिच्यासाठी.

गोदाने पदराने तोंड पुसलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.